हेलिऑस मतदान सेवा: किनाऱ्यावरच्या एका संस्थेने कार्यकारिणी निवडताना घेतलेला अनुभव

रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या तीन जिल्ह्यांतील वाड्या, पाणंदी, व्हाळ (ओढे), सडे (कातळाची पठारे) आणि समुद्रातील खडपे (खडक) यांची स्थानिक नावे गोळा करून ती डिजिटल नकाशावर नोंदवण्याचे काम आमचा समूह काही वर्षांपासून करत आहे. समूहाचे जवळजवळ सगळे कामकाज ऑनलाइन चालते, सदस्य अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत विखुरलेले आहेत, बरेच जण मुंबई-ठाण्यात नोकरीला आहेत आणि काही आखातात. संस्था नोंदणीकृत आहे, नफा हा तिचा हेतू नाही आणि तिची पाच जणांची कार्यकारिणी सदस्यांच्या मतदानाने निवडली जाते. यंदाच्या निवडणुकीसाठी आम्ही हेलिऑस ही मतदान सेवा वापरली. तिघांच्या निवडणूक समितीत मी होतो, त्यामुळे अर्ज मागवण्यापासून निकाल जाहीर होईपर्यंत प्रत्येक टप्पा मी जवळून पाहिला आहे. आपल्याकडच्या अशाच इतर संस्थांना उपयोग व्हावा म्हणून हे परीक्षण सविस्तर लिहितो आहे.

मागची निवडणूक आम्ही एका सर्वसाधारण ऑनलाइन फॉर्मवर घेतली होती. त्या फॉर्मचा दुवा व्हॉट्सॲपवर फिरला, सदस्य नसलेल्या काहींनीही मते दिली, आणि सर्वांत वाईट म्हणजे फॉर्म तयार करणाऱ्या आमच्याच सहकाऱ्याला कोणी कोणाला मत दिले ते स्पष्ट दिसत होते. त्याने ते कोणाला सांगितले नाही, याची मला पूर्ण खात्री आहे. तरीही निकालानंतर पडलेल्या दोन उमेदवारांनी त्याच्याशी बोलणे कमी केले आणि पुढे वर्षभर नकाशाचे काम त्या अढीमुळे रेंगाळले. एका प्रामाणिक माणसाला आपला प्रामाणिकपणा सिद्ध करता येऊ नये, अशी व्यवस्था आम्हीच त्याच्या गळ्यात बांधली होती. या वेळी सेवा निवडताना आम्ही एकच कसोटी ठेवली: निवडणूक चालवणाऱ्याला मते दिसता कामा नयेत आणि तरीही मोजणी बरोबर झाली आहे हे कोणत्याही सदस्याला स्वतः तपासता आले पाहिजे.

हेलिऑस या कसोटीला पूर्ण उतरते. बेन अडिडा यांनी 2008 मध्ये ही प्रणाली प्रसिद्ध केली, तिचा स्रोत खुला आहे आणि तिच्या सार्वजनिक सर्व्हरवर निवडणूक घेण्यास पैसे लागत नाहीत. बेल्जियममधील लूव्हेन-ला-नव्ह येथील फ्रेंच भाषिक विद्यापीठाने 2009 मध्ये आपल्या कुलप्रमुखाची निवड याच प्रणालीवर केली होती. मतदाराने उमेदवार निवडले की त्याचे मत त्याच्याच ब्राउझरमध्ये कूटबद्ध होते, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या रूपात बदलते, आणि कूटबद्ध रूपातच सर्व्हरवर जाते. मोजणीच्या वेळी ही मते एकेक करून उघडली जात नाहीत. कूटबद्ध अवस्थेतच त्यांची बेरीज होते आणि फक्त ती बेरीज उलगडली जाते. त्यामुळे एखाद्या सदस्याचे वैयक्तिक मत पाहण्याची वेळच कोणावर येत नाही. ज्याला शंका असेल त्याला मत पाठवण्यापूर्वी ते तपासणीसाठी उघडून पाहता येते. असे उघडलेले मत बाद होते आणि पुन्हा नव्याने कूटबद्ध करून पाठवावे लागते. मी स्वतः तीन वेळा असे करून पाहिले आणि तिन्ही वेळा मी निवडलेलीच नावे आतून निघाली.

मत पाठवताना मतदाराला एक माग क्रमांक मिळतो. तो 43 अक्षरांचा असून त्यात रोमन लिपीतील लहान-मोठी अक्षरे आणि अंक यांची सरमिसळ असते. आलेल्या सर्व मतांच्या जाहीर यादीत हा क्रमांक दिसला, तर आपले मत जसेच्या तसे पेटीत आहे, असे समजायचे. नावांऐवजी टोपणक्रमांक दाखवण्याची सोय आम्ही वापरली होती, त्यामुळे कोणी मतदान केले हेही यादीवरून कळत नव्हते. हर्णै भागातील आमचे एक ज्येष्ठ सदस्य आयुष्यभर मासेमारी करत आले आहेत आणि बंदरासमोरच्या खडपांची जवळजवळ सगळी नावे आम्हाला त्यांच्याकडून मिळाली. त्यांनी हा क्रमांक भरती-ओहोटीच्या कोष्टकामागे बॉलपेनने उतरवून घेतला होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला फोन केला आणि आम्ही दोघांनी यादीतील ओळ एकेक अक्षर वाचून जुळवली. दोन ठिकाणी त्यांनी मोठ्या अक्षराच्या जागी लहान लिहिले होते, बाकी सगळे जुळले. "म्हणजे माझं मत आहे तिथंच आहे," असे ते म्हणाले आणि फोन ठेवला. या एका सोयीसाठीही मी ही सेवा पुन्हा वापरेन.

आता किल्ल्यांविषयी, कारण निवडणूक पूर्ण फसण्याची शक्यता याच ठिकाणी सर्वांत जास्त आहे. बेरीज उलगडण्यासाठी गुप्त किल्ली, म्हणजे एक संगणकीय फाइल, लागते. ती सर्व्हरकडेच ठेवता येते किंवा संस्थेने नेमलेल्या किल्लीधारकांकडे देता येते. किल्ली सर्व्हरकडे ठेवल्यास काम सोपे होते, पण मग विश्वास सर्वस्वी सर्व्हरवर टाकावा लागतो. किल्लीधारक नेमल्यास त्या प्रत्येकाची किल्ली मोजणीला लागतेच, आणि एकाचीही हरवली तर मते कायमची बंद राहतात. हे नुसते भय नाही. आंतरराष्ट्रीय कूटशास्त्र संशोधन संघटना ही ना-नफा संस्था 2010 पासून आपले संचालक हेलिऑसवर निवडते. तिच्या 2025 च्या निवडणुकीत तीन किल्लीधारकांपैकी एकाची किल्ली हरवली, निकाल उलगडता आला नाही आणि नोव्हेंबरमध्ये सर्व सदस्यांना पुन्हा मतदानाला बोलवावे लागले. ज्यांनी आयुष्य या शास्त्राला वाहिले आहे त्यांच्या बाबतीत हे घडू शकते, तर आपण गाफील राहून कसे चालेल?

आम्ही दोन किल्लीधारक नेमले. राजापूर तालुक्यातील एक निवृत्त शिक्षिका आणि पनवेलला बँकेत काम करणारे एक सदस्य असे हे दोघे होते, आणि दोघांपैकी कोणीही उमेदवार किंवा उमेदवाराचा सूचक नव्हता. नियमावलीत आम्ही असे लिहिले की किल्लीधारकाने किल्लीची प्रत दोन वेगवेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवावी, त्यांतील एक मोहोरबंद पाकिटात घरातील विश्वासू व्यक्तीकडे द्यावा आणि मतदान सुरू होण्याच्या तीन दिवस आधी किल्ली चालते की नाही हे तपासावे. आपल्याकडची किल्ली बरोबर आहे का, हे पाहण्यासाठी हेलिऑसमध्ये वेगळे पान आहे. बाईंनी तपासणी केली तेव्हा त्यांच्या पहिल्या पेनड्राइव्हवरची फाइल अर्धवट उतरलेली निघाली आणि दुसरी व्यवस्थित होती. ही तपासणी नियमातच नसती तर ते मोजणीच्या रात्री लक्षात आले असते, आणि दुसरी प्रत नसती तर लक्षात येऊनही उपयोग झाला नसता.

इतकी चांगली सेवासुद्धा मतदार कोण आहे हे ठरवून देत नाही. आपण जी यादी चढवू ती तिच्यासाठी प्रमाण असते, आणि आमचा सर्वांत जास्त वेळ, जवळजवळ दीड महिना, या यादीवर गेला. वाद जुना आहे: वर्गणी भरणारा सदस्य मानायचा की काम करणारा? जगभरच्या ऑनलाइन समूहांनी याची वेगवेगळी उत्तरे काढली आहेत. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनच्या विश्वस्त मंडळासाठी समुदायाचे मतदान होते तेव्हा मतदाराची पात्रता मुख्यतः संपादनांच्या संख्येवर ठरते. लोकसहभागातून बनणाऱ्या खुल्या नकाशामागची ओपनस्ट्रीटमॅप फाउंडेशन वर्गणीदारांना मताधिकार देतेच, शिवाय वर्षातील किमान 42 दिवस नकाशावर काम केलेल्यांना वर्गणीशिवाय सदस्यत्व घेण्याची सोय देते. आमच्या अनेक तरुण सदस्यांना हा दुसरा मार्ग हवा होता आणि मलाही तो न्याय्य वाटतो, कारण पावसाळ्यात सडे तुडवून नावे आणणाऱ्या मुलाकडे वर्गणीचे पैसे नसले म्हणून त्याचे मत कमी मोलाचे होत नाही. परंतु आपल्याकडे संस्था नोंदणी अधिनियम, 1860 च्या कलम 15 नुसार ज्याची वर्गणी तीन महिन्यांहून अधिक काळ थकली आहे त्याला मत देता येत नाही, तो त्या कामी सदस्य म्हणून मोजलाही जात नाही. म्हणून आम्ही मधला मार्ग काढला. ठरावीक काम करणाऱ्या सदस्याची वर्गणी सर्वसाधारण सभेच्या ठरावाने माफ करायची, म्हणजे थकबाकीचा प्रश्नच उरत नाही. हा ठराव निवडणुकीची घोषणा होण्यापूर्वीच करून घेतला, हे महत्त्वाचे आहे. घोषणा झाल्यानंतर केलेली माफी ही मते वाढवण्यासाठी केली, असे कोणीही म्हणू शकले असते.

मग नावांचा प्रश्न आला. एका वाडीत सगळ्यांचे आडनाव एकच असते आणि आजोबाचे नाव नातवाला ठेवण्याची रीत आहे. आमच्या यादीत एकाच नावाचे आणि आडनावाचे तीन सदस्य निघाले, तिघेही एकाच तालुक्यातले, आणि त्यांतील एकाची वर्गणी दुसऱ्याच्या खात्यावर जमा झालेली. वडिलांचे नाव आणि वाडीचे नाव हे दोन रकाने वाढवल्यावर हा गुंता सुटला. त्याहून अवघड होता तो ईमेलचा प्रश्न. हेलिऑस प्रत्येक मतदाराला त्याचा क्रमांक आणि परवलीचा शब्द ईमेलने पाठवते. आमच्या बऱ्याच वयस्क सदस्यांनी मुंबईतील मुलाचा किंवा पुतण्याचा ईमेल दिलेला होता. याचा अर्थ वडिलांचे मत मुलाच्या हातात जाणार. आम्ही प्रारूप यादी हरकतींसाठी 15 दिवस ठेवली, एका पत्त्यावर एकच मतदार असा नियम केला आणि अशा प्रत्येक सदस्याला फोन करून स्वतःचा पत्ता काढून दिला. हे काम कंटाळवाणे होते, पण ते टाळून घेतलेल्या गुप्त मतदानाला मी गुप्त म्हणणार नाही.

घरच्या दडपणाचा धोका एवढ्याने संपत नाही, आणि सेवा चालवणारे स्वतःच तसे सांगतात: सार्वजनिक पदांच्या निवडणुकांसाठी हेलिऑस वापरू नये, कारण घरच्या संगणकावर मत देणाऱ्याच्या खांद्यामागे कोण उभे आहे हे कोणतीही प्रणाली पाहू शकत नाही. इतका स्पष्ट इशारा देणारी सेवा मला अधिक विश्वासार्ह वाटते. मतदान सुरू असेपर्यंत कितीही वेळा मत बदलता येते आणि शेवटचे मत धरले जाते, ही सोय या बाबतीत थोडी मदत करते. आम्ही ती सूचनापत्रात ठळकपणे मांडली.

तारखा ठरवताना कोकणचे वर्ष समोर ठेवावे लागले. गणपती आणि शिमगा वगळले, कारण त्या दिवसांत चाकरमानी गावाला आलेले असतात आणि कोणाचेही लक्ष ठिकाणावर नसते. जून आणि जुलै हे मासेमारी बंदीचे महिने असल्याने होड्या किनाऱ्यावर असतात आणि दर्यावर्दी सदस्य घरी भेटतात, म्हणून सुरुवातीला तेच सोयीचे वाटले होते. पण त्याच महिन्यांत वीज आणि रेंज दोन्ही दगा देतात. शेवटी दिवाळी आटोपल्यानंतरचा काळ धरला. कंपन्यांच्या सभांसाठीच्या 2014 च्या नियमांत दूरस्थ ई-मतदान किमान तीन दिवस खुले ठेवून सभेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता बंद करायचे असे आहे. तो नियम आम्हाला लागू नाही, पण त्याचा आराखडा चांगला वाटला. आम्ही तीन दिवसांऐवजी सात दिवस ठेवले, कारण खोल समुद्रात गेलेली होडी कित्येकदा चार-पाच दिवस परत येत नाही. बंद होण्याची वेळ मात्र पाचचीच ठेवली, म्हणजे अडचण आलीच तर मदतीला माणसे जागी असतात.

उमेदवारीच्या नियमांत विशेष काही नाही. सूचक, अनुमोदक, छाननी आणि माघारीची मुदत ही सगळी रीत सहकारी सोसायटीच्या निवडणुकीतून सर्वांच्या परिचयाची असते. एकच नियम नवा केला: ज्याच्याकडे सर्व्हरचे किंवा सदस्यांच्या पत्त्यांचे अधिकार आहेत त्याने उमेदवारी अर्ज भरण्यापूर्वी ते अधिकार दुसऱ्याकडे सोपवावेत. मतपत्रिकेवर अकारविल्हे क्रम लावला तर अ-कारी नावांना फायदा होतो, म्हणून प्रत्येक मतदाराला नावे वेगळ्या क्रमाने दाखवण्याची हेलिऑसमधील सोय आम्ही सुरू केली.

या सेवेची माझ्या दृष्टीने खरी मर्यादा मोजणीच्या पद्धतीत आहे. आम्ही वापरलेल्या मतपत्रिकेत मतदार पाच जागांसाठी पाचपर्यंत नावे निवडतो, ज्यांना जास्त मते ते निवडून येतात, आणि पसंतीक्रम लावण्याची सोय नसते. याचा परिणाम काय होतो ते पाहा. समजा 180 जणांनी मतदान केले आणि त्यांतील मुंबईकडच्या 100 जणांनी एकाच पाच जणांना मते दिली, तर त्या पाचही जणांना 100 मते पडतील आणि गावाकडच्या 80 जणांचा एकही माणूस कार्यकारिणीत येणार नाही. हेच मतदान एकल संक्रमणीय मतपद्धतीने झाले, म्हणजे मतदाराने पसंतीक्रम लावला आणि कोट्याहून जास्त पडलेली किंवा बाद उमेदवाराची मते पुढच्या पसंतीकडे वळवली, तर 180 ला सहाने (जागांपेक्षा एकने जास्त) भागून एक मिळवायचा, म्हणजे 31 हा निवडून येण्याचा कोटा ठरतो, आणि त्या 80 जणांच्या दोन जागा येतात. ही पद्धत आपल्याला परकी नाही. राज्यसभेचे सदस्य आमदार याच पद्धतीने निवडतात. कोकण पदवीधर मतदारसंघात जून 2024 मध्ये ज्यांनी मतदान केले त्यांना केंद्रावर मिळालेला जांभळा स्केच पेन आणि नावासमोर लिहायचे 1, 2, 3 हे आकडे आठवत असतील. तिथे जागा एकच असते, पण पसंतीक्रमाचे तत्त्व हेच. विकिमीडियाने 2021 पासून समुदायाच्या मतदानासाठी हीच पद्धत स्वीकारली आणि ओपनस्ट्रीटमॅप फाउंडेशनही आपले मंडळ पसंतीक्रमानेच निवडते. आमच्या निवडणुकीत असे टोकाचे काही घडले नाही, दोन्हीकडची माणसे आली, परंतु ते मतदारांच्या समंजसपणामुळे घडले. नियमाने त्याची हमी दिलेली नव्हती.

भाषेबाबतही सांगायला हवे. मतपत्रिकेवरचा आमचा मजकूर आणि उमेदवारांची नावे देवनागरीत व्यवस्थित दिसली, मात्र पानावरची बटणे आणि सूचना इंग्रजीत होत्या. आम्ही प्रत्येक पायरीचे चित्र काढून त्यावर मराठीत बाण आणि मजकूर लिहिला, अशी सहा चित्रे सूचनापत्राबरोबर पाठवली, आणि त्यानंतर येणाऱ्या फोनची संख्या एकदम खाली आली. ज्यांना ही सेवा घ्यायची आहे त्यांनी ही चित्रे आधीच तयार ठेवावीत.

निकाल लागला म्हणजे निवडणूक संपली, असे सार्वजनिक विश्वस्त संस्थेच्या बाबतीत होत नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 च्या कलम 22 नुसार विश्वस्त बदलल्याची नोंद व्हावी म्हणून 90 दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात अर्ज करावा लागतो. तिथे माग क्रमांक आणि गणिती पुरावे कामाला येत नाहीत. सभेची सूचना, ती पाठवल्याचा पुरावा, इतिवृत्त, ठराव आणि नव्या सदस्यांची संमतीपत्रे लागतात. म्हणून आम्ही ऑनलाइन निकाल सर्वसाधारण सभेपुढे ठेवला, सभेने तो ठरावाने स्वीकारला आणि निवडणूक समितीचा सहीचा अहवाल इतिवृत्ताला जोडला. ऑनलाइन मतदान संस्थेच्या घटनेत आधीपासून मान्य असले पाहिजे, ही याची पहिली अट आहे. आम्ही ती दुरुस्ती मागच्याच वर्षी करून ठेवली होती. ती नसेल तर कितीही सुरक्षित सेवा वापरली तरी हरकत घेणाऱ्याला जागा राहते.

फ्रान्समधील नान्सी येथील संशोधकांनी हेलिऑसच्या पायावर बेलेनिऑस नावाची प्रणाली उभारली आहे. तीत पसंतीक्रमाचे मतदान घेता येते आणि ठरलेल्या संख्येइतके किल्लीधारक हजर असले तरी निकाल उलगडतो, सर्वांचीच किल्ली लागते असे नाही. त्या बदल्यात मांडणी अधिक गुंतागुंतीची होते. मतदाराला ओळखीचे तपशील दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून मिळतात, आणि आमच्या ज्येष्ठ सदस्यांना एक परवलीचा शब्द सांभाळणेच जड गेले, हे मी विसरू शकत नाही. ज्या संस्थेत गट नाहीत, मतदार काही शेकड्यांत आहेत आणि यादीवर महिना-दीड महिना घालवायची तयारी आहे, तिने हेलिऑस निःशंकपणे घ्यावी. मी तिला पाचपैकी चार गुण देतो, आणि कापलेला एक गुण पसंतीक्रमाचा आहे. जिथे शहर आणि गाव असे सरळ दोन तट पडलेले आहेत, तिथे मात्र आधी पसंतीक्रमाचा नियम करावा आणि मग सेवा शोधावी. आमच्या नव्या कार्यकारिणीने पहिल्याच बैठकीत एकल संक्रमणीय मतपद्धतीचा प्रस्ताव पुढच्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर घेतला आहे, आणि त्याआधी बेलेनिऑसवर वीस जणांची चाचणी घेण्याचे काम आमच्या समितीकडे दिले आहे.